खानदेशचे ऊन : वीज, वाफ, गारवा आणि हायड्रोजन

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. आज 'विप्रो' या नावाने माहिती-तंत्रज्ञानात ओळखल्या जाणाऱ्या या उद्योगाचा मूळ धंदा वनस्पती तुपाचा होता. द्रवरूप तेलाचे घट्ट तूप करायचे, तर गरम तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडावा लागतो. म्हणजे ज्या वायूचा उल्लेख अलीकडे 'उद्याचे इंधन' म्हणून होतो, तो खानदेशात पाऊणशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. फक्त त्याला कोणी इंधन म्हणत नव्हते. तो कारखान्यातला एक कच्चा माल होता. देशातील अनेक वनस्पती कारखाने त्या काळी हा वायू पाण्यात वीज सोडूनच तयार करीत आणि सोबत निघणारा ऑक्सिजन नळकांड्यांत भरून विकला जाई.

याच पद्धतीचा देशातील सर्वांत मोठा प्रयोग पंजाबात झाला. भाक्रा-नांगल धरणाच्या स्वस्त विजेवर नांगल येथील खत कारखान्यात १९६०च्या दशकाच्या प्रारंभी पाण्यापासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून खत तयार होऊ लागले. त्याच साखळीतून अणुभट्ट्यांना लागणारे जड पाणीही मिळवले गेले. एका विजेतून खत, ऑक्सिजन आणि जड पाणी! 'बहुउत्पादी ऊर्जा-प्रणाली' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही बहुउत्पादी प्रणाली. पुढे विजेला इतर मागण्या वाढल्या, ती हायड्रोजनवर खर्च करणे परवडेना आणि १९७०च्या दशकात नांगलच्या विस्तारासाठी खनिज तेलाचा मार्ग स्वीकारला गेला. हायड्रोजनविषयीच्या आजच्या उत्साहात हा तपशील सहसा कोणी आठवत नाही.

आता चक्र पुन्हा फिरले आहे. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हे त्याचे उद्दिष्ट. महाराष्ट्रानेही जुलै २०२३मध्ये ८,५६२ कोटी रुपयांचे स्वतंत्र धोरण जाहीर करून ५ लाख टनांचे लक्ष्य ठेवले. या हायड्रोजनसाठी लागणारी वीज सूर्य आणि वारा यांपासून मिळवायची आहे. तेव्हा ऊन, वारा आणि मोकळी जमीन यांच्या शोधात निघालेल्यांची नजर धुळे-जळगावकडे वळणे स्वाभाविक आहे.

ऊन खानदेशला कधी कमी पडले नाही. भुसावळ-जळगावचे मे महिन्यातील ४५ अंशांचे आकडे राज्यभर दरवर्षी वाचले जातात. वर्षाची सरासरी काढली, तर येथील एक चौरस मीटर जागेवर दिवसाला साधारण पाच ते साडेपाच युनिट सौरऊर्जा उतरते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३मध्ये सुरू झाला. त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्जसाहाय्य होते. उभारणीच्या वेळी देशातील मोठ्या सौर प्रकल्पांत त्याची गणना होत होती. त्यानंतर शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आखलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेने लहान प्रकल्पही गावोगावी नेले.

या साऱ्या प्रकल्पांचे फळ मात्र एकच असते, ते म्हणजे वीज. ती तारेतून निघून जाते. चौरस मीटरवर पडलेल्या साडेपाच युनिटांपैकी सौरपत्रा जेमतेम एक युनिट विजेच्या रूपाने देतो. थोडा प्रकाश परावर्तित होतो आणि उरलेले बहुतेक सगळे पत्रा तापवण्यात जाते. पत्रा तापला की त्याची वीजही घटते. सिलिकॉनच्या घटाची क्षमता तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने उतरते. बाहेर ४५ अंश असताना घटाचे तापमान सहज ६५-७० अंशांवर जाते. तेव्हा छापील क्षमतेतील सातवा-आठवा हिस्सा उन्हानेच खाल्लेला असतो. खानदेशचा उन्हाळा सौरविजेला वाटतो तितका मानवत नाही. स्वच्छ आकाशाचा हिवाळा तिला अधिक रुचतो.

उरलेल्या उष्णतेचे काय करायचे, या प्रश्नातून बहुउत्पादी प्रणालीची कल्पना निघाली. ती समजून घेण्यासाठी परदेशी आकृत्यांपेक्षा धुळे जिल्ह्यातीलच एक जुनी व्यवस्था उपयोगी पडेल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर निदान तीनशे वर्षे चालत आलेल्या फड सिंचन पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडावर येते, वरच्या शेताकडून खालच्या शेताकडे उतरते, उरलेले पुन्हा नदीला मिळते आणि पुढचा बंधारा ते अडवतो. एकाच पाण्यावर उताराच्या क्रमाने अनेकांचा हक्क असतो. उष्णतेलाही असाच उतार असतो. चार-पाचशे अंशांची उष्णता टर्बाइन फिरवू शकते. दीडशे-दोनशे अंशांची वाफ स्वयंपाक, रस आटवणे, निर्जंतुकीकरण यांना पुरते. नव्वद अंशांच्या पाण्यावर शीतयंत्र चालते. साठ अंशांवर मिरची आणि कांदा वाळतो. चाळीस-पंचेचाळीस अंशांचे पाणी दूधसंघाची भांडी धुण्याच्या कामी येते. वरच्या कामातून सुटलेली उष्णता खालच्या कामाला लावायची, एवढेच या शास्त्राचे सार आहे. उष्णतेचा वापर उलट क्रमाने होऊ शकत नाही. अंगच्या कामाला लागणाऱ्या कोमट पाण्यासाठी आपण पहिल्या प्रतीची वीज जाळतो, तेव्हा पाटाच्या तोंडचे पाणी थेट ओढ्यात सोडण्यासारखेच ते असते.

यातील 'उष्णतेवर चालणारे शीतयंत्र' हा शब्दप्रयोग अनेकांना चकवतो. घरातल्या फ्रिजमध्ये वायू दाबण्याचे काम विजेची मोटर करते. शोषण पद्धतीच्या यंत्रात ते काम लिथियम ब्रोमाइडसारख्या क्षाराचे द्रावण आणि उष्णता मिळून करतात. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीने गुडगावजवळच्या सौर ऊर्जा केंद्रात २०११मध्ये अशी १०० किलोवॉटची सौर वातानुकूलन यंत्रणा बसवली होती. लिथियम ब्रोमाइडच्या यंत्राची एक मर्यादा अशी, की त्यात पाणी हेच शीतक असल्याने पाच अंशांच्या खाली जाता येत नाही. बर्फ किंवा गोठवलेले मटार त्याच्या आवाक्याबाहेर. केळीला मात्र नेमके हेच हवे असते. केळी १३-१४ अंशांवर साठवतात. त्याहून गार केली, तर साल काळी पडते. रावेर, यावल, सावदा, चोपडा या पट्ट्यातील केळी उत्तरेच्या बाजारात जातात. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या दुपारी घड सर्वाधिक तापतात, त्याच दुपारी सूर्याची उष्णताही सर्वाधिक उपलब्ध असते. मागणी आणि पुरवठा यांचा इतका सरळ मेळ ऊर्जेच्या व्यवहारात क्वचितच दिसतो.

मिरचीचेही तसेच. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची उघड्यावर वाळत घातलेली असते आणि एखादा अवकाळी पाऊस लाखो रुपयांचा माल एका रात्रीत नासवतो. बंदिस्त सौर वाळवणीत हा धोका टळतो, रंग टिकतो आणि धूळही बसत नाही.

सौर उष्णतेच्या क्षेत्रात धुळ्याचे स्वतःचे काम आहे, हे बाहेर फारसे माहीत नाही. धुळ्यात अभियांत्रिकीचे अध्यापन केलेल्या प्रा. अजय चांडक यांनी 'प्रिन्स' या नावाची चौकोनी घडणीची, किरण एकवटणारी सौरचूल विकसित केली. तिची बांधणी सोपी, मोठ्या कुटुंबाला किंवा लहान वसतिगृहाला पुरेल अशी. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह शेफलर तबकड्यांना बहुस्तरीय बाष्पीभवन यंत्र जोडण्याचे काम केले. वोल्फगांग शेफलर यांच्या तबकडीचे वैशिष्ट्य असे, की सूर्य सरकला तरी तिचा केंद्रबिंदू जागचा हलत नाही. त्यामुळे वाफेचे भांडे एका ठिकाणी पक्के बसवता येते. या तबकडीच्या वाफेने पहिल्या भांड्यातील पाणी उकळते; त्यातून निघालेली वाफ थंड होताना आपली सुप्त उष्णता कमी दाबाच्या दुसऱ्या भांड्याला देते; दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला. एकदा विकत घेतलेल्या उष्णतेने तीन-चार वेळा पाणी उकळायचे आणि दर खेपेला शुद्ध पाणी किंवा आटवलेला रस मिळवायचा. हिशेबी माणसाला आवडावी अशी ही युक्ती आहे.

याच शेफलर तबकड्या शिर्डीच्या साई संस्थानात २००९ साली बसल्या. तेथे ७३ तबकड्यांच्या वाफेवर प्रसादालयाचा स्वयंपाक होऊ लागला. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत त्याआधीच, २००६मध्ये, मुंबईच्या आयआयटीतून पुढे आलेल्या १६० चौरस मीटरच्या 'अरुण' तबकडीने दूध तापवण्यास आरंभ केला होता. अबू रोड येथील ब्रह्माकुमारींच्या 'इंडिया वन' प्रकल्पात तर ७७० तबकड्यांची उष्णता ओतीव लोखंडात साठवून तिच्यातून वीजही काढतात आणि स्वयंपाकघर व धुलाईगृहाला वाफही पुरवतात. तो २०१७मध्ये पूर्ण झाला. पश्चिम भारतातील अस्सल बहुउत्पादी सौर प्रणालीचे ते ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

या साऱ्या मांडणीत हायड्रोजन कोठे बसतो? पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्राला, म्हणजे इलेक्ट्रोलायझरला, एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या एक किलोत जास्तीत जास्त ३९ युनिट ऊर्जा उरते आणि बाकी पंधराएक युनिट ६० ते ८० अंशांच्या उष्णतेच्या रूपाने यंत्रातून बाहेर पडते. सोबत आठ किलो ऑक्सिजन मिळतो. तोच हायड्रोजन इंधनघटातून पुन्हा विजेत रूपांतरित केला, तर हाती सोळा-अठरा युनिट लागतात. थोडक्यात, रात्रीच्या दिव्यासाठी दिवसाची वीज हायड्रोजनमध्ये साठवणे म्हणजे तीन रुपये ठेवून एक रुपया काढणे. त्या कामाला बॅटरी कितीतरी सरस. हायड्रोजन शोभतो तो जिथे हायड्रोजनच हवा असतो तिथे : अमोनिया आणि खत, तेलशुद्धीकरण, पोलाद, किंवा अमळनेरप्रमाणे तेलाचे तूप. अडीच रुपये युनिटची वीज धरली, तरी एका किलोमागे नुसत्या विजेचे सुमारे १३५ रुपये होतात. यंत्राचा भांडवली खर्च वेगळा. नैसर्गिक वायूपासूनचा हायड्रोजन साधारण दीडशे-दोनशे रुपयांत पडतो, हे ध्यानात घेतले की स्पर्धा किती अटीतटीची आहे ते समजते. अशा वेळी वाया जाणारी पंधरा युनिट उष्णता आणि आठ किलो ऑक्सिजन यांना गिऱ्हाईक मिळणे ही चैन राहत नाही. हिशेब जुळण्यासाठी ते आवश्यक ठरते. चांगल्या वाळवणी यंत्रात तेवढ्या उष्णतेने मिरचीतले पंधराएक किलो पाणी उडवता येते. ऑक्सिजनचे मोल २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर कोणाला सांगायला नको; वेल्डिंग आणि सांडपाणी शुद्धीकरण हेही त्याचे नित्याचे गिऱ्हाईक आहेत.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठाने २०२३मध्ये जाहीर केलेला प्रयोग याच दिशेचा आहे. सात मीटर व्यासाच्या तबकडीच्या केंद्राशी सौरघट आणि इलेक्ट्रोलायझर एकत्र बसवून त्यांनी दिवसाला अर्ध्या किलोच्या आसपास हायड्रोजन मिळवला. घटाला थंड ठेवणारे पाणीच विघटनासाठी वापरले, उष्णता इमारतीच्या उपयोगासाठी काढून घेतली आणि ऑक्सिजनही हिशेबात धरला. तबकडी पाहिली तर धुळ्याच्या मंडळींना तिची ओळख पटेल. केंद्रबिंदूशी बसवलेले यंत्र मात्र फार महाग आणि नाजूक आहे. उत्प्रेरकाची पूड पाण्यात टाकून थेट प्रकाशाने हायड्रोजन काढण्याचा मार्ग १९७२च्या फुजिशिमा-होंडा यांच्या शोधनिबंधापासून चर्चेत आहे. पण जपानमध्ये २०२१मध्ये मांडलेल्या शंभर चौरस मीटरच्या फलकांचीही कार्यक्षमता एक टक्क्याच्या आतच राहिली.

खानदेशात हायड्रोजनचे नाव निघताच पहिली शंका पाण्याची येते, आणि तापीकाठची भूजल पातळी पाहता ती रास्तही आहे. पण आकडे काही वेगळेच सांगतात. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या नियमाने नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणातील आणि थंड करण्यातील घट धरून पंधरा ते वीस लिटर. एक मेगावॉट सौरपत्र्यांतून वर्षाला साधारण १६ लाख युनिट मिळतात. त्यांतून २९ हजार किलो हायड्रोजन निघेल आणि त्याला पाच-सहा लाख लिटर पाणी लागेल. केळीच्या एका हेक्टरला वर्षाला दीड कोटी लिटरच्या घरात पाणी द्यावे लागते. म्हणजे एका मेगावॉटच्या हायड्रोजनची वर्षाची तहान चार गुंठे केळीएवढी! साक्री-शिंदखेड्याच्या टँकरग्रस्त गावात एप्रिल-मे महिन्यांत तेवढेही पाणी डोळ्यांवर येईल, हे खरे. मात्र त्यासाठी प्रकल्पच अशक्य ठरत नाही. शुद्ध पाणी बनवायला पुन्हा वर सांगितलेली बहुस्तरीय भांडी आहेतच.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. राज्याच्या धोरणातील ५ लाख टन हायड्रोजन केवळ सौरविजेवर बनवायचा म्हटले, तर २,७५० कोटी युनिट वीज लागेल. त्यासाठी सुमारे १७ हजार मेगावॉटचे पत्रे उभारावे लागतील आणि मेगावॉटला चार-पाच एकर या हिशेबाने पाऊण लाख एकर जमीन लागेल. जमिनीचा व्यवहार कसा चुकतो, हे धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथील वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन दोंडाईचा परिसरातील वीजप्रकल्पासाठी संपादित झाली होती. आधी औष्णिक म्हणून आखलेला तो प्रकल्प पुढे सौर ठरला. पाच एकरांचे अवघे चार लाखांच्या आसपास मिळाले, शेजारच्यांना कितीतरी अधिक, ही त्यांची तक्रार होती. दाद मागून थकलेल्या पाटील यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला मुंबईत त्यांचे निधन झाले. सौरऊर्जा स्वच्छ असते, हे विधान जमिनीच्या कागदपत्रांना आपोआप लागू होत नाही.

म्हणूनच सौर प्रकल्पाची थोरवी मेगावॉटमध्ये सांगण्याऐवजी 'एकरी किती उपयोग' अशी मोजली पाहिजे. पत्रे उंचावर बसवून खाली भाजीपाला किंवा चारा घेण्याची पद्धत हेही एक उत्पादनच आहे, आणि त्यात जमीन शेतकऱ्याकडेच राहू शकते. दुसरा मार्ग वाऱ्याचा. साक्री तालुक्यातच ब्राह्मणवेलचे पवनक्षेत्र आहे. जून ते ऑगस्टमध्ये ढगांमुळे सौरवीज घटते, नेमका त्याच काळात येथील वारा भरात असतो. इलेक्ट्रोलायझर केवळ उन्हावर चालवला, तर वर्षातील पाचव्या हिश्शाएवढेच पूर्ण काम करतो आणि बाकी वेळ भांडवलाचे व्याज खात पडून राहतो. सूर्य आणि वारा एका तालुक्यात, एका वाहिनीवर मिळणे ही त्यामुळे साधी गोष्ट नाही. त्या बाबतीत साक्रीची जागा राज्यात मोक्याची आहे.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. वीज शंभर मैल जाते, हायड्रोजन दाबाखाली भरून टँकरने नेता येतो, पण नव्वद अंशांचे पाणी काहीशे मीटरपलीकडे नेणे परवडत नाही. उष्णता आणि गारवा यांचे गिऱ्हाईक कुंपणाला लागून असावे लागते. पडीक जमीन स्वस्त म्हणून साक्रीच्या माळावर प्रकल्प उभा केला, तर तेथे शीतगृह नाही आणि धुलाईगृहही नाही; रावेर-सावद्याला शीतगृहे आहेत, पण तेथील काळी बागायत जमीन पत्र्यांखाली घालण्यास कोणी तयार होणार नाही. यातून निघणारी वाट लहान आकाराची आहे : केळीच्या पिकवणगृहाचे छप्पर, दूधसंघाचे आवार, डाळमिलची गच्ची, वसतिगृहाचे स्वयंपाकघर. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने फळप्रक्रियेतील कचऱ्यापासून बायोगॅस व त्यापासून वीज मिळवली, ती कारखान्याच्या आवारातच; कचरा, वीज आणि तिचा वापर यांत अंतर नव्हते म्हणून ते साधले. हायड्रोजनचा मोठा प्रकल्प साक्रीत आलाच, तर त्याच्या कुंपणाशी पिंपळनेर भागातील कांद्यासाठी वाळवणी केंद्र उभारायचे की नाही, हे जागेच्या आराखड्यातच ठरवावे लागेल. प्रकल्प उभा राहिल्यावर उष्णतेची नळी टाकायला सहसा जागाही उरत नाही आणि पैसाही.